उशाशी जागणारे यंत्र

रात्रीचे दोन वाजले आहेत. रुग्णालयाच्या आवारात सामसूम आहे. अतिदक्षता विभागातील दिवे मंद केले आहेत. परंतु तेथे झोपेला प्रवेश नाही. खाटेवर एक रुग्ण डोळे मिटून पडला आहे. त्याच्या छातीवर लहान लहान चकत्या चिकटविल्या आहेत, दंडाला कापडी पट्टा गुंडाळला आहे आणि बोटाला एक चिमटा लावला आहे. त्या सर्वांपासून निघालेल्या तारा उशालगतच्या एका पेटीत शिरतात. पेटीच्या काचेवर एक हिरवी रेषा धावत आहे. धावता धावता ती मध्येच उंच उडी घेते आणि पुन्हा सपाट होते. प्रत्येक उडीबरोबर ‘टिक्’ असा बारीक आवाज उठतो.

दाराबाहेरच्या बाकावर रुग्णाची मुलगी बसली आहे. त्या रेषेचा अर्थ तिला ठाऊक नाही. रेषेशेजारचे आकडे कशाचे, हेही ती जाणत नाही. आवाज चालू आहे तोवर वडील आहेत, एवढेच तिला समजते. म्हणून ती कान देऊन ऐकत बसली आहे.

ह्या पेटीला रुग्णालयात ‘मॉनिटर’ म्हणतात. शाळेत वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या मुलालाही मॉनिटरच म्हणतात, आणि दोघांचे काम पुष्कळसे सारखे आहे. नजर ठेवावी आणि काही बिघडले की मोठ्यांना हाक मारावी! वर्गाचा मॉनिटर स्वतः शिकवीत नाही; हा मॉनिटरही रुग्णाला बरे करीत नाही. तरीही त्याच्या पहाऱ्यामुळे असंख्य माणसांचे प्राण वाचले आहेत. हे कसे घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

जिवंत शरीराच्या काही खुणा अशा आहेत, की त्यांवरून आतल्या घडामोडींची वार्ता बाहेर कळते. नाडी, श्वास, शरीराची उष्णता आणि रक्ताचा दाब ह्या त्यांपैकी प्रमुख होत. रक्तात प्राणवायू किती आहे, ही आणखी एक खूण पुढे त्यांना येऊन मिळाली. ह्या पाचांना जीवनलक्षणे म्हणता येईल. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याचे हृदय मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० ठोके देते आणि तो मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. त्याच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. रक्तदाब मोजला तर १२० आणि ८० ह्यांच्या जवळपासचे दोन आकडे मिळतात. रक्तातील ज्या तांबड्या द्रव्यावर प्राणवायू स्वार होतो, त्याचा शेकडा ९५ किंवा त्याहून अधिक भाग प्राणवायूने भरलेला असतो. शरीर संकटात सापडू लागले म्हणजे पुष्कळदा हे आकडेच आधी बदलतात. रुग्णाची शुद्ध हरपणे किंवा श्वास थांबणे ह्या गोष्टी मागाहून घडतात. जो आकडे वेळेवर पाहील, त्याला संकट दाराशी येण्यापूर्वीच त्याची चाहूल लागेल.

ही चाहूल घेण्याचा प्रयत्न माणूस फार पूर्वीपासून करीत आला आहे. आई तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवते आणि वैद्य मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहतात. परंतु हाताच्या अंदाजाला आकडा नसतो. इंग्लंडमधील वैद्य जॉन फ्लॉयर ह्यांनी १७०७ साली नाडी मोजण्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. बरोबर एक मिनिट चालून थांबणारे एक खास घड्याळ त्यांनी त्यासाठी करवून घेतले होते. जर्मनीतील डॉक्टर कार्ल वुंडरलिश ह्यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदी जमविल्या आणि १८६८ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्या काळचा तापमापक बराच लांब असे आणि आकडा मिळण्यास पुष्कळ वेळ लागे. इटलीतील डॉक्टर रिव्हा-रोच्ची ह्यांनी १८९६ साली दंडाला गुंडाळण्याचा हवेचा पट्टा तयार केला आणि त्यामुळे रक्तदाब मोजणे सुलभ झाले. पुढे रुग्णाच्या खाटेला तक्ता टांगण्याची रीत पडली. परिचारिका ठराविक वेळी येई, नाडी, ताप आणि श्वास मोजी, तक्त्यावर ठिपका काढी आणि पुढच्या खाटेकडे वळे.

ही व्यवस्था चांगली होती. पण तिच्यात एक मोठी उणीव होती. सकाळी दहा वाजता एक ठिपका पडला आणि दुपारी दोन वाजता दुसरा पडला, तर मधल्या चार तासांत काय घडले, हे तक्ता सांगू शकत नसे. हृदयाचा घात व्हायला चार तास लागत नाहीत. चार मिनिटेही त्यास पुरतात. दोन ठिपक्यांमधली ती रिकामी जागा कित्येक रुग्णांच्या प्राणावर बेतली.

अहोरात्र पहाऱ्याचे मोल किती असते, ह्याचा प्रत्यय १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत आला. त्या वर्षी कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ पसरली. ह्या रोगात कित्येक मुलांचे हातपाय लुळे पडत; पण ज्यांच्या श्वासाचे स्नायूच लुळे पडत, त्यांची अवस्था सर्वांत केविलवाणी होई. शहरातील ब्लेगडाम रुग्णालयात श्वास देणारी यंत्रे मोजकीच होती. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर यंत्रांनी उपचार केले. त्यांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन ह्या डॉक्टरांना पाचारण करण्यात आले. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला भूल देणे आणि त्याचा श्वास सांभाळणे हा त्यांचा व्यवसाय होता. २७ ऑगस्ट रोजी त्यांच्यासमोर बारा वर्षांची एक मुलगी आणण्यात आली. तिचा श्वास जवळजवळ थांबला होता. इब्सेन ह्यांनी तिच्या श्वासनलिकेत गळ्यातून एक नळी बसविली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास आरंभ केला. मुलगी वाचली.

परंतु पिशवी दाबणारा हात थांबला की श्वास थांबणार, हे उघड होते. मग हात कोठून आणायचे? वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पुढे आले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी कित्येक महिने पाळ्या लावून ह्या रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. गळ्यातील नळीमुळे रुग्णांना बोलता येत नसे. त्यांचा रंग, त्यांचा घाम, त्यांची नाडी आणि त्यांचे डोळे ह्यांवरूनच त्यांच्या मनातले आणि शरीरातले ओळखावे लागे. मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आले. ह्या अनुभवानंतर, १९५३ च्या अखेरीस, इब्सेन ह्यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात एक निराळा विभाग सुरू केला. ज्यांच्यावर क्षणभरही नजर हटवून चालणार नाही, असेच रुग्ण तेथे ठेवले जात. जगातील अतिदक्षता विभागांचा आरंभ बहुधा तेथूनच मानला जातो.

कोपनहेगनमध्ये पहारा माणसांनी दिला. पण प्रत्येक रुग्णामागे रात्रंदिवस एक माणूस बसविणे कोणत्याही रुग्णालयाला कायमचे परवडणारे नाही. शिवाय माणसाचे डोळे जड होतात, लक्ष उडते, हाताखालची नाडी मोजताना दुसऱ्याची हाक कानी येते. जे थकत नाही, असे काहीतरी त्याच्या मदतीस हवे होते. त्याची विद्या मात्र अर्धशतक आधीच माणसाच्या हाती आली होती.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथे दर ठोक्यापूर्वी विजेची एक सूक्ष्म लाट उठते. ती हृदयभर पसरते आणि तिच्या आज्ञेने हृदयाचे स्नायू आकुंचन पावतात. शरीरातील क्षारयुक्त द्रवांतून त्या विजेचा अंश त्वचेपर्यंत पोहोचतो. तो किती दुबळा असतो, ह्याची कल्पना एका तुलनेने येईल. बॅटरीतील साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. छातीवर मिळणारी हृदयाची वीज सुमारे त्याच्या दीड हजाराव्या हिश्शाइतकी असते. लंडन येथील शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर ह्यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाची ही वीज पहिल्यांदा नोंदवून दाखविली. त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग कुत्राही ह्या प्रयोगांत भाग घेई. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून तो शांतपणे उभा राही.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक विलेम आइंटहोव्हेन ह्यांनी वॉलर ह्यांचे प्रात्यक्षिक पाहिले होते. त्यांनी ह्या कामात पुष्कळ वर्षे घालविली आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी एक नवे यंत्र सिद्ध केले. चांदीचा मुलामा दिलेला स्फटिकाचा अत्यंत बारीक तंतू त्यांनी दोन शक्तिमान चुंबकांच्या मध्ये ताणून बसविला. हृदयाची वीज त्यातून वाहू लागली की तंतू किंचित हले, आणि त्याची हलती सावली छायाचित्राच्या पट्टीवर उमटे. त्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलोग्रॅम होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य होते. म्हणून १९०५ साली आइंटहोव्हेन ह्यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेने हृदयाची वीज आणविली. रुग्ण एकीकडे आणि त्याच्या हृदयाची रेषा दुसरीकडे! ह्या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज जी रेषा काचेवर धावते, ती हीच. छातीवरच्या चकत्या त्वचेवरची वीज टिपतात, पेटीतील मंडले तिला हजारपट वाढवितात आणि काचेवर तिचे चित्र उमटते. यंत्र दोन उंच उड्यांमधील वेळ मोजते. ती ०.८ सेकंद असेल, तर हृदय मिनिटाला ७५ ठोके देत आहे, असा हिशेब होतो.

परंतु पहारेकऱ्याने हाक मारली आणि मदतीला धावणाऱ्याच्या हाती काहीच साधन नसले, तर त्या हाकेचा उपयोग काय? हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या बाबतीत पुष्कळ वर्षे हेच घडत होते. अशा रुग्णाचे हृदय कधी कधी एकाएकी ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरू लागते. मग रक्त पुढे सरकत नाही, मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि काही मिनिटांत सारे संपते. बोस्टनचे डॉक्टर पॉल झोल ह्यांनी १९५६ साली छातीवर बाहेरून विजेचा झटका देऊन असे थरथरणारे हृदय ताळ्यावर आणता येते, हे दाखवून दिले. १९६० साली बाल्टिमोर येथील संशोधकांनी छाती तालबद्ध दाबून रक्तप्रवाह काही काळ चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. आता उपाय हाती आले होते. पण ते मिनिटांच्या आत करावयास हवे होते, आणि रुग्ण तर रुग्णालयाच्या निरनिराळ्या दालनांत विखुरलेले असत.

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील तरुण डॉक्टर डेस्मंड ज्युलियन ह्यांनी १९६१ साली एक साधी सूचना मांडली. हृदयविकाराचे रुग्ण एकाच दालनात ठेवावेत, त्यांच्या हृदयाची रेषा यंत्राने सतत पाहावी, रेषा बिघडताच घंटा वाजावी आणि उपाय जाणणारी माणसे हाकेच्या अंतरावर असावीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे डॉक्टर ह्यूज डे ह्यांनी असा विभाग सुरू केला. लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. घंटा वाजते तेव्हा खाटेजवळ डॉक्टर क्वचितच असतात. परिचारिका मात्र असते. डॉक्टरांना बोलावून आणीपर्यंत मोलाची मिनिटे निघून जातात. म्हणून हृदयाची रेषा वाचण्याचे आणि प्रसंगी विजेचा झटका देण्याचे शिक्षण परिचारिकांना देण्यात आले. जे काम तोवर केवळ डॉक्टरांचे समजले जाई, ते परिचारिकांनी उत्तम रीतीने पार पाडले. यंत्राच्या आगमनाने परिचारिकेचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले.

हळूहळू इतर जीवनलक्षणेही त्या पेटीत येऊन मिळाली. श्वास मोजण्याची युक्ती गमतीची आहे. छातीवरच्या त्याच चकत्यांमधून अतिशय सौम्य, रुग्णाला जाणवणारही नाही असा विद्युत्प्रवाह सोडतात. श्वास आत घेतला की छाती फुगते आणि विजेला होणारा अडथळा किंचित वाढतो. श्वास सोडला की तो घटतो. ह्या चढउतारावरून यंत्र श्वास मोजते. दंडावरचा पट्टा ठराविक वेळाने आपोआप फुगतो आणि सावकाश सैल होतो. तो सैल होत असताना धमनीच्या उसळीने पट्ट्यातील हवा थरथरते. त्या थरथरीवरून यंत्र रक्तदाब काढते. रुग्ण फारच अत्यवस्थ असेल, तर मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ठोक्याठोक्याचा दाब मोजतात. १७३३ साली इंग्लंडमधील स्टीफन हेल्स ह्यांनी एका घोडीच्या धमनीला काचेची लांबलचक नळी जोडून तिच्या रक्ताचा दाब पाहिल्याचे प्रसिद्ध केले होते. नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले होते. त्या नळीची जागा आता मटाराएवढ्या संवेदकाने घेतली आहे.

बोटावरच्या चिमट्याची कथा सर्वांत बोधप्रद आहे. जपानमधील ताकुओ आओयागी हे वैद्यकीय यंत्रे बनविणाऱ्या एका कंपनीत अभियंते होते. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे लोटते, हे मोजण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता. त्यासाठी रुग्णाच्या शिरेत रंगद्रव्य सोडत आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून तो रंग रक्तात कसा पसरतो, हे पाहत. परंतु नाडीच्या प्रत्येक उसळीबरोबर कानातील रक्त वाढे आणि ओसरे. त्यामुळे हवी असलेली रेषा खडबडीत होई. हा त्रास घालविण्यासाठी आओयागी ह्यांनी दोन निरनिराळ्या रंगांचा प्रकाश वापरून पाहिला. उसळ्या नाहीशा झाल्या; पण रक्तातील प्राणवायू कमी होताच त्या पुन्हा डोके वर काढू लागल्या. दुसरा कोणी असता तर वैतागून गेला असता. आओयागी ह्यांच्या मनात मात्र प्रकाश पडला. प्राणवायूबरोबर जर ह्या उसळ्या बदलत असतील, तर त्यांच्यावरूनच प्राणवायू मोजता येईल! ज्या अडथळ्याला हाकलून लावण्यासाठी ते झटत होते, तोच त्यांचा वाटाड्या झाला. १९७४ साली त्यांनी ही कल्पना जपानमधील शास्त्रज्ञांसमोर मांडली.

तिचे तत्त्व असे आहे. प्राणवायूने भरलेले रक्त तेजस्वी तांबडे दिसते. प्राणवायू देऊन परतलेले रक्त काळपट दिसते. काळपट रक्त तांबडा प्रकाश अधिक शोषून घेते, तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तेजस्वी रक्तात अधिक शोषला जातो. चिमट्यात दोन इवले दिवे असतात आणि ते आळीपाळीने सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात. बोटाच्या पलीकडे किती प्रकाश पोहोचला, हे समोरचा संवेदक मोजतो. त्वचा, हाड आणि शिरांतील रक्त ह्यांचे शोषण जवळजवळ स्थिर असते. नाडीबरोबर कमीजास्त होते ते धमनीतले ताजे रक्त. यंत्र तेवढाच बदलता भाग निवडते आणि दोन्ही प्रकाशांची तुलना करून प्राणवायूची टक्केवारी काढते. सुई नाही, वेदना नाही, रक्ताचा थेंबही नाही.

पूर्वी भूल दिलेल्या रुग्णाचे ओठ आणि नखे निळी पडली म्हणजे प्राणवायू कमी झाल्याचे कळे, आणि ते कळेपर्यंत बराच उशीर झालेला असे. आता काही क्षणांत आकडा खाली येताना दिसतो. कित्येक यंत्रांत तर आकड्याबरोबर ‘टिक्’चा सूरही खाली उतरतो, त्यामुळे शस्त्रक्रियेत गुंतलेल्या डॉक्टरांना मान वर न करताही संकट ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची दिली, तीत हे यंत्र रुग्णाला लावले आहे ना, हा प्रश्न समाविष्ट केला.

येथवर यंत्राचे गुण झाले. त्याच्या मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. यंत्र जे मोजते तेच त्याला कळते. त्यामागचे कारण त्याला कळत नाही. छातीवरची चकती घामाने सुटली, तर हृदय थांबल्याप्रमाणे रेषा सपाट होते आणि घंटा ठणाणा वाजू लागते. परिचारिका धावत येते, तर रुग्ण तिच्याकडे पाणी मागत असतो! बोट थंड पडले, हात हलला किंवा नखाला गडद रंग लावलेला असला, तर चिमटा चुकीचा आकडा दाखवू शकतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात विषारी वायू भिनतो. त्या वायूने भरलेले रक्तही तांबडेच दिसते. साधा चिमटा फसतो आणि प्राणवायू भरपूर असल्याचे सांगतो. इकडे माणूस मरणाच्या दारी असतो. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी आणखी एक गंभीर गोष्ट दाखवून दिली. कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातील प्राणवायूची घट हे चिमटे गौरवर्णीयांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा ओळखू शकले नाहीत. त्वचेच्या रंगाने प्रकाशाच्या मापात फरक पडतो, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. यंत्र पक्षपात जाणत नाही. पण ते घडविताना आणि तपासताना माणसाने जो विचार केला नाही, तो यंत्रातही उतरत नाही.

घंटेचाही एक धोका आहे. कोणता आकडा किती वर किंवा खाली गेला असता घंटा वाजावी, हे माणसालाच ठरवून द्यावे लागते. नवजात बालकाचे हृदय मिनिटाला १४० ठोके देते ते सहज. तोच आकडा स्वस्थ पडलेल्या प्रौढाच्या बाबतीत काळजीचा ठरतो. उलट रोज धावण्याचा सराव करणाऱ्या खेळाडूच्या हृदयाचे ठोके ५० हून कमी असले, तरी त्यात वावगे नसते. ह्या मर्यादा विचारपूर्वक ठरविल्या नाहीत, तर घंटा वारंवार आणि विनाकारण वाजते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दिवसभर खोट्या घंटा ऐकणारे कान खऱ्या घंटेलाही बधिर होण्याचा संभव असतो. म्हणून कमी पण खऱ्या घंटा कशा वाजतील, ह्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि अभियंते आज एकत्र प्रयत्न करीत आहेत.

हे यंत्र रुग्णालयाच्या भिंतीआड राहिले नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा कित्येक रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू उतरत असूनही त्यांना दम लागत नसे. ते बोलत असत, हिंडतफिरत असत आणि संकट आतल्या आत वाढत असे. अशा वेळी बोटावरचा चिमटा घराघरांत पोहोचला. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम हाती घेतली. तीत आशा सेविका आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन प्रत्येकाचे तापमान आणि प्राणवायू मोजत. एके काळी केवळ शस्त्रक्रियेच्या दालनात शोभणारे उपकरण पिशवीत घालून सेविका पायवाटेने वाड्यावस्त्यांवर गेल्या. आकडा खाली उतरलेला दिसताच त्या रुग्णाला वेळेवर रुग्णालयात धाडीत. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात, साथ जगभर पसरत असताना, आओयागी ह्यांचे वयाच्या ८४ व्या वर्षी निधन झाले. आपले उपकरण किती बोटांवर चढणार आहे, ह्याची गणती त्यांना करता आली नसती.

रात्रीचे तीन वाजतात. अतिदक्षता विभागातील त्या खाटेजवळ घंटा वाजू लागते. बाहेर बाकावर बसलेली मुलगी दचकून उभी राहते. आतली परिचारिका लगबगीने खाटेपाशी येते. ती प्रथम काचेकडे पाहत नाही. ती रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहते. त्याच्या छातीची हालचाल ती निरखते आणि त्याच्या मनगटावर आपली बोटे ठेवते. नाडी नीट चालू आहे. हातही उबदार आहे. कूस बदलताना बोटावरचा चिमटा निसटला आहे, एवढेच. ती तो पुन्हा बसविते आणि घंटा थांबते. रुग्णाचे पांघरूण सारखे करून ती दाराकडे वळते आणि मुलीला हातानेच खूण करते : सारे ठीक आहे.

हिरवी रेषा धावतच असते. थकणे यंत्राला ठाऊक नाही. म्हणून जागण्याचे काम त्याच्याकडे सोपविले आहे. परंतु घंटा ऐकून धावत येणे, नाडीवर हात ठेवणे आणि बाहेर ताटकळत बसलेल्या मुलीला धीर देणे ही कामे आजही माणसाचीच आहेत.